मोठेपणी दात सरकायला लागले तर: तारेआधी काय तपासायचं, तारेनंतर काय सांभाळायचं

वरच्या पटाशीच्या दोन दातांत पूर्वी नव्हती ती फट दिसायला लागते. खालचे पुढचे चार दात एकमेकांवर चढतात. भाकरीचा घास रोज एकाच सांदीत अडकतो आणि काडीने काढावा लागतो. शाळेतल्या पोरांच्या दातांना तार लावतात हे आता खेड्यापाड्यात सगळ्यांना ठाऊक आहे. पण आपले पस्तिशी-चाळिशीतले दात का सरकताहेत आणि या वयात तार लागते का, हे विचारायला जवळ कोणी नसतं.

तार कोणत्याही वयात लावता येते. हाड आणि हिरडी धड असेल तर साठीतल्या माणसाचेही दात हलवून जागेवर आणता येतात. मात्र लहान मुलांचे दात मुळात वाकडे उगवलेले असतात, आणि मोठ्या माणसाचे बहुतेक वेळा जागेवर असलेले दात सरकलेले असतात. सरकण्यामागे कारण असतं. ते न शोधता थेट तार लावली तर दात सरळ होतो खरा, पण काही महिन्यांत ढिला होऊन निघूनही जाऊ शकतो. म्हणून खालचा क्रम पाळा. यात तार बरीच उशिरा येते, आणि तसंच असायला हवं.

घरची पाहणी

भिंतीवरच्या आरशात, बल्बच्या उजेडात मागच्या दाढा दिसत नाहीत. सकाळच्या उन्हात अंगणात बसा, हातात छोटा आरसा घ्या. आधी ब्रश करून चूळ भरलेली असू द्या.

सुरुवात फोटोंपासून करा. मोबाइलच्या मागच्या कॅमेऱ्याने घरातल्या कोणाला तरी पाच फोटो काढायला सांगा: दाढा मिटून समोरून, तसेच उजवीकडून आणि डावीकडून (गाल चमच्याच्या दांड्याने बाजूला ओढून), मग तोंड उघडून वरची ओळ आणि खालची ओळ. सेल्फीत डावं-उजवं उलटं होऊ शकतं, म्हणून ती नको. तीन महिन्यांनी त्याच जागी, त्याच उजेडात पुन्हा पाच फोटो काढा. लग्नातला एखादा हसरा फोटो असेल तर तोही मोबाइलमध्ये घेऊन ठेवा. दात कधीपासून सरकले हे डॉक्टरांना त्यावरून पटकन कळतं.

मग दात हलतात का ते पाहा. दोन चमचे घ्या. एकाचा दांडा दाताच्या पुढून, दुसऱ्याचा मागून टेकवा आणि अगदी हलक्या हाताने पुढे-मागे करा. निरोगी दातही किंचित हलतो, पण ते डोळ्यांना दिसत नाही. दिसेल इतका हलत असेल तर त्या दाताची नोंद करा.

यापुढची तपासणी फारशी कोणी सांगत नाही, पण फार उपयोगाची आहे. तर्जनीचं टोक वरच्या पुढच्या दातावर अशा बेताने ठेवा की अर्धं बोट दातावर आणि अर्धं हिरडीवर येईल. आता दाढा टक-टक-टक मिटा. मग शेजारच्या दातावर बोट न्या, पुन्हा तसंच करा. एखाद्या दातावर बोटाला धक्का किंवा थरथर जाणवली, तर प्रत्येक चाव्याला खालचे दात त्या दाताला बाहेर ढकलताहेत असं समजा. फट पडलेल्या दातांमध्ये हे अनेकदा सापडतं.

हिरडी बघताना रंग, सूज, दाबल्यावर पू येतो का आणि दात पूर्वीपेक्षा लांब दिसतात का, हे पाहा. दोन दातांच्या मध्ये हिरडीजवळ काळं त्रिकोणी भोक दिसत असेल तर तिथली हिरडी मागे सरकली आहे. आणि जो खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण), तंबाखू, मिश्री किंवा गुडाखू वापरतो, त्याने एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. तंबाखूमुळे हिरडीचा रक्तपुरवठा आकसतो, त्यामुळे आतून रोग वाढलेला असूनही रक्त येत नाही. ‘माझ्या हिरडीतून कधी रक्त आलं नाही’ हा तंबाखू खाणाऱ्याच्या बाबतीत निरोगीपणाचा पुरावा नाही.

शेवटी मोजणी. अक्कलदाढ सोडली तर वर उजवीकडे सात, डावीकडे सात, आणि खालीही तसेच, असे अठ्ठावीस दात हवेत. कोणती दाढ कधी काढली ते लिहून ठेवा. मग स्वतःच्या हाताची मधली तीन बोटं उभी जुळवून तोंडात जातात का पाहा. जात नसतील तर तोंड आखडलंय, आणि दातांच्या रांगेपेक्षा तो प्रश्न मोठा आहे.

दात सरकतात ते का

हिरडीचा जुना रोग हे मोठ्या माणसांतलं सर्वांत महत्त्वाचं कारण. दातावर साचलेलं किटण हिरडीखाली उतरतं, तिथे जंतूंचं घर होतं आणि दाताला धरणारं हाड हळूहळू झिजतं. भोवतालची अर्धी माती वाहून गेलेल्या खुंट्यासारखा तो दात मग साध्या दाबानेही कलतो. जीभ आतून ढकलते, खालचे दात चावताना ढकलतात, आणि वरचे पुढचे दात पंख्यासारखे पसरतात. फट पडते ती अशी. ती अचानक दिसली तरी मागे अनेक वर्षांची झीज असते.

दुसरं कारण आपल्या विदर्भात घरोघरी आहे: खालची मोठी दाढ तरुणपणी काढलेली असते आणि त्या जागी पुढे काहीच बसवलेलं नसतं. सहाव्या वर्षी येणारी ही दाढ सर्वांत आधी किडते, दुखायला लागली की काढली जाते आणि विषय तिथेच संपतो. पण तोंडात मोकळी जागा मोकळी राहत नाही. मागची दाढ पुढे झुकते, वरची समोरची दाढ खाली उतरते, पुढच्या दातांमध्ये हलक्या फटी पडतात. झुकलेल्या दाढेच्या पुढच्या कुशीत अन्न साचतं, तिथली हिरडी बिघडते. दहा वर्षांनी तिथे दात बसवायला गेलं की डॉक्टर सांगतात, आता जागाच उरली नाही. आधी दाढ सरळ करावी लागेल. अशा वेळी तार दिसण्यासाठी लावायची नसून दात बसवायला जागा करण्यासाठी लावायची असते. एका बाजूची दाढ उभी करायला बऱ्याचदा अर्धवट तार पुरते, सगळे दात बांधायची गरज पडत नाही.

खालच्या पुढच्या दातांत वयानुसार थोडी गर्दी होणं मात्र सर्वसाधारण आहे. वय वाढतं तशी खालच्या जबड्याची कमान पुढून किंचित आखडते. ज्यांचे दात कधीच वाकडे नव्हते त्यांचेही असे सरकतात. हिरडी निरोगी असेल आणि दिसण्याचा त्रास नसेल तर काही न करणं हाही योग्य निर्णय असतो. याचा दोष अक्कलदाढेला द्यायची पद्धत आहे, पण आजवरच्या अभ्यासांतून तो सिद्ध झालेला नाही. गर्दी होऊ नये एवढ्यासाठी कोणी अक्कलदाढ काढायला सांगत असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

याशिवाय रात्री दात खाणं, गिळताना जीभ दातांवर टेकवायची सवय, आणि लहानपणी तार लावून नंतर रिटेनर (तार काढल्यावर दात जागेवर धरून ठेवणारं साधन) सोडून देणं ही कारणंही असतात. काही औषधांनी हिरडी फुगते आणि फुगलेली हिरडी दातांना ढकलते. रक्तदाबाची अॅम्लोडिपिन आणि फिटची फेनिटॉइन ही त्यांतली दोन. गोळी स्वतःहून बंद करायची नाही. दाताच्या डॉक्टरांना दाखवायची, बदल करायचा तर तो गोळी देणारे डॉक्टर करतील.

यासाठी थांबू नका

एकच दात काही आठवड्यांत झपाट्याने हलायला लागला, गालावर किंवा जिभेवर दोन आठवड्यांत न भरणारी जखम आहे, पांढरा किंवा लाल चट्टा आहे, ओठ बधिर वाटतो, जबडा एका बाजूला सुजलाय किंवा चावा एकाएकी बदललाय, तर फोटो काढत बसायचं नाही. खर्रा खाणाऱ्यांमध्ये कर्करोगाची सुरुवात अशीही होते. उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयातल्या दंत विभागात त्याच आठवड्यात दाखवा.

हे करू नका, आणि का ते

फट मिटवायला दोन दातांना रबरबँड गुंडाळायचा प्रयोग मोबाइलवरच्या व्हिडिओंमुळे खेड्यांतही पोचला आहे. पटाशीच्या दाताचं मूळ टोकाकडे निमुळतं असतं. रबर त्या उतारावरून घसरत हिरडीच्या आत शिरतं, दिसेनासं होतं आणि मुळाकडे सरकत जाताना भोवतीचं हाड कापत जातं. फट मिटलेली दिसते, माणूस खूश होतो, आणि नंतर दोन्ही दात ढिले होतात. ते वाचवणं अनेकदा अशक्य असतं. घरात तरुण पोरंपोरी असतील तर हे त्यांना आवर्जून सांगा.

आठवडी बाजारात बसणारे दातवाले पडलेल्या दाताच्या जागी गुलाबी मसाला शेजारच्या दातांना चिकटवून कायमचा दात बसवून देतात. तो मसाला काढता येत नाही, त्याखाली साफ करता येत नाही, आणि चांगले असलेले शेजारचे दोन दात त्यापायी जातात. असं काही बसवलेलं असेल तर तारेच्या आधी ते काढून घ्यावं लागेल.

दात सरळ करायला कुरिअरने मागवायच्या पारदर्शक साच्यांचंही तेच. डॉक्टरांनी तोंड तपासून हिरडी मोजली नाही आणि एक्स-रे काढला नाही, तर हाड किती उरलंय ते कोणालाच माहीत नसतं. फक्त फोटो आणि मापावरून दात हलवायला घेऊ नका.

कुणाकडे जायचं

बीडीएस, म्हणजे दातांच्या डॉक्टरकीची मूळ पदवी घेतलेले डॉक्टर भरणं, स्वच्छता, रूट कॅनल, दात काढणं हे सगळं करतात. दात सरकवण्यासाठी त्यानंतर तीन वर्षांचं ऑर्थोडॉन्टिक्समधलं एमडीएस असतं, आणि हिरडीसाठी वेगळं एमडीएस. मोठ्या माणसाच्या तोंडाला अनेकदा दोघंही लागतात. तालुक्याच्या दवाखान्यात तारवाले डॉक्टर महिन्यातून एक-दोनदा बाहेरून येतात. त्यात गैर काही नाही, पण मधल्या दिवसांत तार टोचली तर कोण बघणार, हे आधीच विचारून ठेवा.

नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय, वर्ध्याजवळ सावंगी (मेघे) इथलं शरद पवार दंत महाविद्यालय आणि अमरावतीचं दंत महाविद्यालय इथे सगळे विभाग एका छताखाली मिळतात, आणि खर्च सहसा खासगी दवाखान्यापेक्षा कमी येतो. वेळ मात्र जास्त लागतो. तिथे तुमची केस पदव्युत्तर विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली बघतो. तो शेवटच्या वर्षात असेल तर उपचार मध्येच दुसऱ्याकडे जातील, म्हणून ‘तुम्ही कोणत्या वर्षाला आहात’ हे नि:संकोच विचारा.

जाताना रोजच्या गोळ्यांची पाकिटं, साखरेचा रिपोर्ट, जुने एक्स-रे आणि ते पाच फोटो सोबत घ्या. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून आठवड्याला एक गोळी किंवा वर्षाला एक इंजेक्शन घेत असाल तर ते सांगायला विसरू नका. त्या औषधाने दात सरकायची गती मंदावते आणि दात काढल्यावर जबड्याची जखम चिघळू शकते. खोट्या दागिन्यांनी कान किंवा मनगट खाजत असेल तर तेही सांगा, कारण तारेत निकेल असतं. गर्भारपणात हिरड्या तशाही फुगतात आणि एक्स-रे टाळलेला बरा, म्हणून तारेची सुरुवात बाळंतपणानंतर करा. साफसफाई मात्र त्या काळातही करता येते.

पहिल्या भेटीत सहसा संपूर्ण जबड्याचा ओपीजी एक्स-रे, बाजूने डोक्याचा एक्स-रे, फोटो आणि दातांचं माप होतं. हिरडीचे डॉक्टर खुणा असलेली बारीक सळई प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी उतरवून खोली मोजतात. १ ते ३ मिलिमीटर ठीक. ४ आणि त्यापुढे म्हणजे दात आणि हिरडीच्या मध्ये खिसा झालेला आहे. हे आकडे कागदावर मागून घ्या. मोजणी न करता कोणी तार लावायला घेत असेल तर थांबा.

पैशाचं बोलताना एकच आकडा ऐकून उठू नका. त्यात एक्स-रे, साफसफाई, भरणी, निघालेली चकती (तार अडकवायला दातावर चिकटवतात तो छोटा तुकडा, ब्रॅकेट) पुन्हा चिकटवणं आणि शेवटचा रिटेनर धरलेत का, हे विचारा. रिटेनर बहुतेक वेळा वेगळा निघतो. हप्ते असतील तर ते लिहून घ्या.

तारेआधीची कामं

पहिलं काम किटण काढणं, खिसे असतील तर खोलवरची सफाई. काढल्यावर दात उघडे पडल्यासारखे वाटतात, फटी मोठ्या दिसतात, गार पाणी झोंबतं. ‘मशीनने दात ढिले केले’ ही तक्रार इथूनच येते. किटणाने बुजलेल्या फटी उघड्या पडलेल्या असतात, हाड आधीच गेलेलं असतं. सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा मोजणी होते. खिसे आटले, रक्त थांबलं, मगच तार. कधी कधी सूज उतरल्यावर छोटी फट आपोआप थोडी मिटते.

मधुमेह असेल तर एचबीए१सी (मागच्या तीन महिन्यांतली साखरेची सरासरी दाखवणारी रक्ततपासणी) साधारण ७ च्या आसपास आणा. साखर जास्त असताना हिरडी भरत नाही आणि हलवलेल्या दाताभोवती हाड नीट तयार होत नाही.

खर्रा सोडावाच लागतो. सुपारीचा खडा चकती तोडतो ही त्यातली सर्वांत किरकोळ अडचण आहे. सुपारीमुळे गालाच्या आतली त्वचा कडक होऊन तोंड आखडत जातं आणि मागच्या दाढांपर्यंत डॉक्टरांचा हात पोचत नाही. तंबाखूने हिरडी भरून येत नाही. एकट्याने सुटत नसेल तर राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइनचा १८००-११-२३५६ हा टोल फ्री क्रमांक आहे.

यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या बऱ्याच गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, आणि तिथे वाढलेल्या माणसांच्या दातांवर खडूसारखे पांढरे किंवा तपकिरी डाग असतात. अशा दातावर चकती नीट धरत नाही. डॉक्टरांना वरचा थर किंचित घासावा लागतो किंवा आम्लाचं द्रावण जास्त वेळ ठेवावं लागतं. गाव कोणतं हे त्यांना सांगा. मोठ्या माणसाने फ्लोराइडची पेस्ट मात्र या भीतीने सोडू नये, कारण हे डाग बालपणी दात घडत असतानाच पडतात, नंतर नाही.

किडलेले दात भरून घ्या. रूट कॅनल झालेला दात तारेने हलतो, तिथे भीती नको. हाडात स्क्रूने बसवलेला दात, म्हणजे इम्प्लांट, हलत नाही; म्हणून तो बसवायचा असेल तर तारेनंतर. पक्की कॅपही शक्यतो नंतरच.

कोणती तार

स्टीलच्या चकत्या स्वस्त, मजबूत, आणि वावरात काम करणाऱ्यासाठी सर्वांत बऱ्या. दातांच्या रंगाच्या सिरॅमिक चकत्या महाग आणि ठिसूळ असतात. पारदर्शक साचे म्हणजे अलाइनर दिसत नाहीत, काढून जेवता येतं, भेटी कमी लागतात. पण ते दिवसाचे २० ते २२ तास घालावे लागतात आणि प्रत्येक चहाला काढून, चूळ भरून, परत घालावे लागतात. दिवसातून सहा वेळा चहा होणाऱ्या घरात हे जमेल का, याचा प्रामाणिक विचार करा. गर्दी थोडी असेल तर दात न काढता दोन दातांमधून अर्ध्या मिलिमीटरपर्यंत घासून जागा करतात. जास्त असेल तर पुढच्या लहान दाढा काढाव्या लागतात.

मोठ्या माणसाला साधारण दीड ते दोन वर्षं लागतात आणि दर चार ते सहा आठवड्यांनी एक भेट. म्हणजे वीसच्या आसपास फेऱ्या. महिलांना मार्च २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे, पण मोडलेल्या मजुरीचाही हिशेब घाला. पेरणी किंवा कापूस वेचणीच्या दिवसांत येणं जमणार नसेल तर आधीच्या भेटीत सांगा. डॉक्टर त्या वेळी ओढ न लावता दात नुसते धरून ठेवणारी तार बसवतात. न सांगता तीन-चार महिने गायब झालात आणि तोंडात ओढ सुरूच राहिली, तर दात भलतीकडे जातात आणि ते परत आणायला नव्याने वेळ जातो.

लावल्याचा दिवस आणि पहिला आठवडा

चकत्या चिकटवताना दुखत नाही, सुई लागत नाही. दात कोरडा करून त्यावर आम्लाचं जेल काही सेकंद लावतात, धुतात, चकती ठेवतात आणि निळ्या उजेडाने मसाला घट्ट करतात. मग पातळ, लवचीक तार ओवतात. दुखणं चार-सहा तासांनी सुरू होतं, दुसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतं आणि आठवड्याभरात ओसरतं. पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम पुरते; यकृताचा त्रास असेल तर विचारून घ्या. आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या दिवसेंदिवस घेऊ नका, त्यांनी दात सरकणं मंदावू शकतं.

गाल आणि ओठ सोलवटतात. डॉक्टरांनी दिलेल्या मेणाचा मुगाएवढा गोळा करून कोरड्या केलेल्या चकतीवर दाबा; ओल्या चकतीवर मेण टिकत नाही. ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून तीन-चार वेळा चूळ भरा.

दात थोडे हलल्यासारखे वाटतील. हे अपेक्षित आहे: दाबाच्या बाजूचं हाड विरघळतं, ओढीच्या बाजूला नवं तयार होतं, आणि दात महिन्याला जेमतेम एक मिलिमीटर सरकतो. ‘जास्त घट्ट करा, लवकर होऊ द्या’ असा आग्रह धरू नका. जास्त जोराने मुळाभोवतीचं रक्त दबतं, दात उलट अडकून राहतो आणि मूळ आखूड व्हायचा धोका वाढतो. मुळांची टोकं थोडी झिजणं बहुतेकांत होतं. फार झिजत नाहीत ना, हे पाहायला सहा ते बारा महिन्यांनी एकदा एक्स-रे काढतात. तो टाळू नका.

खाणं आणि ब्रश

पहिले चार दिवस वरण-भात, खिचडी, आंबील, गोळाभात, दुधात कुस्करलेली भाकर. पुढेही भाकर रश्श्यात मोडूनच खा. रोडग्याचं कडक साल, उसाचं कांडकं, फुटाणे, चिक्की, कणीस दातांनी सोलणं, बोराची बी आणि मटणाचं हाड यांनी चकत्या निघतात. पेरू, काकडी, सफरचंद बारीक कापून मागच्या दाढांनी खा. संत्र्याच्या फोडी चालतात, पण आंबटानंतर अर्धा तास ब्रश करू नका. सावजी रश्श्याची हळद चकत्यांवरच्या पांढऱ्या रबरांना पिवळी करते. रबरं पुढच्या भेटीत बदलतात, दाताला त्याने काही होत नाही.

ब्रश मऊ हवा. तारेच्या वरच्या बाजूने ४५ अंशांत खाली, खालच्या बाजूने वर, मग चघळायची बाजू, मग आतून. दोन दातांच्या मध्ये आणि तारेखाली शिरणारा बाटलीच्या ब्रशसारखा छोटा ब्रश मेडिकलमध्ये मिळतो. रात्री त्याच्याशिवाय झोपायचं नाही. कडुलिंबाची काडी तारेखाली पोचत नाही आणि राखुंडी दात झिजवते. चकतीभोवती खडूसारखी पांढरी कड दिसली तर ती किडीची सुरुवात आहे. ज्यांना हिरडीचा रोग होता त्यांनी तार असेपर्यंत दर तीन महिन्यांनी सफाई करून घ्यावी.

चकती निघाली आणि तारेला लटकत असेल तर तशीच राहू द्या, मेण लावा, फोन करा. निघून हातात आली तर पुडीत बांधून घेऊन जा. मागची तार गालात टोचत असेल तर आधी मेण. अगदीच असह्य झालं तर स्वच्छ धुऊन स्पिरिटने पुसलेल्या नेलकटरने टोक कापा. कापताना तोंडात कापूस धरा, तुकडा घशात जायला नको.

तार निघाल्यावर

अनेकांचे उपचार इथेच वाया जातात. दात नव्या जागी आले तरी हिरडीतले तंतू ताणलेले असतात आणि त्यांना जुन्या जागेकडे ओढत राहतात. हाड कमी झालेल्या माणसात ही ओढ आणखी धोक्याची. म्हणून पुढच्या दातांच्या आतून बारीक तार कायमची चिकटवतात आणि शिवाय काढता-घालता येणारा रिटेनर देतात. डॉक्टर सांगतील तितके महिने दिवसरात्र, नंतर रोज रात्री. किती वर्षं, तर दात जागेवर हवेत तितकी वर्षं.

रिटेनर गार पाण्याने आणि ब्रशने धुवायचा. गरम पाण्यात प्लास्टिक वाकतं आणि मग तो बसत नाही. जेवताना कागदात गुंडाळून ठेवला की ताटाबरोबर फेकला जातो, म्हणून डबीतच ठेवा. एखाद्या रात्री घालायचा राहिला आणि दुसऱ्या दिवशी घट्ट वाटला तर घालतच राहा, दोन-तीन दिवसांत बसेल. बसतच नसेल तर जोर लावू नका, आठवड्याच्या आत दाखवा. आतली चिकटवलेली तार महिन्यातून एकदा नखाने चाचपून पाहा: एखाद्या दातावरचा मसाला सुटला की तो एकच दात शांतपणे बाहेर जायला लागतो, आणि दुखत नसल्यामुळे ते बोटाशिवाय कळत नाही.